बगदाद, पहाटे ५.३४

(सर्व वेळा बगदादच्या)

१६ मार्च २००३, सकाळ
न्यूझीलंडमध्ये संध्याकाळचे सात वाजले आणि चौकाचौकांत मेणबत्त्या पेटल्या. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी साद घातली होती : आपापल्या गावी सात वाजता रस्त्यावर या. मग जिथे जिथे सात वाजत गेले तिथे तिथे लोक जमत गेले. मागणी एकच होती. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांना इराकमध्ये त्यांचं काम पुरं करू द्या.

१६ मार्च, रात्र
अझोर्स बेटांवर अमेरिकेचे बुश, ब्रिटनचे ब्लेअर आणि स्पेनचे अझ्नार भेटले. मुत्सद्देगिरीला त्यांनी आणखी एक दिवस दिला. एकच दिवस!

१७ मार्च, संध्याकाळी ६
न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा. संयुक्त राष्ट्रांतले ब्रिटनचे राजदूत जेरेमी ग्रीनस्टॉक यांनी जाहीर केलं की युद्धाची वाट मोकळी करणारा ठराव मताला टाकला जाणार नाही.

खापर फ्रान्सच्या नकाराधिकारावर फोडण्यात आलं. पण खरी अडचण मतांची होती. सुरक्षा परिषदेत पंधरांपैकी नऊ हवी होती, हाती होती चार : अमेरिका, ब्रिटन, स्पेन, बल्गेरिया. अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान हे सहा देश कुंपणावर होते. त्यांच्यातल्या काहींच्या शिष्टमंडळांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने ब्रिटनची मदत मागितल्याचं गुप्त पत्र ‘ऑब्झर्व्हर’ने २ मार्चला छापलं होतं. ते बाहेर काढणारी कॅथरीन गन ही ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातली साधी भाषांतरकार. नोकरी गेली, खटलाही गुदरला गेला.

इतका दबाव असूनही ते सहा देश वळले नाहीत, आणि मला यात लोकांचा मोठा वाटा दिसतो. १५ फेब्रुवारीला सुमारे सहाशे शहरांतून युद्धाविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली होती. रोम आणि लंडन माणसांनी ओसंडून वाहिलं. अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरचे संशोधकसुद्धा बर्फात उभे राहिले. अंकारात १ मार्चला हजारोंचा जमाव रस्त्यावर असताना तुर्की संसदेत मतदान झालं. अमेरिकी फौजांना वाट देण्याच्या बाजूने २६४, विरोधात २५०, आणि तरी ठराव पडला, कारण तटस्थ धरून बहुमताला २६७ लागत होती. तीन मतं कमी! उत्तरेकडून घुसण्याचा बेत तिथेच बारगळला. तेव्हा मोर्चांनी काही साधलं नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सुरक्षा परिषदेचा शिक्का या युद्धाला मिळाला नाही, हे साधलं होतं. पण शिक्का मिळेना म्हटल्यावर ज्यांना युद्ध हवं होतं त्यांनी परिषदेलाच वळसा घातला.

१८ मार्च, पहाटे ४
बुश यांचं भाषण. इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेन आणि त्याच्या मुलांनी ४८ तासांत देश सोडावा.

१८ मार्च, सकाळ
शस्त्रनिरीक्षक विमानाने सायप्रसला निघाले. अल-समूद क्षेपणास्त्रांवर बुलडोझर फिरवण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली १ मार्चपासून चालू होतं. पोलादी नळकांडी चेपून, चिरडून एकेक मोजली जात होती. निःशस्त्रीकरण डोळ्यांसमोर घडत होतं, आणि ते मोजणाऱ्यांनाच जीव वाचवायला पळावं लागलं.

त्याच दिवशी सिडनीत दोघे जण ऑपेरा हाउसच्या छतावर चढले आणि लाल रंगात ‘युद्ध नको’ असं इंग्रजीत लिहून आले.

१९ मार्च, मध्यरात्रीनंतर १
लंडनच्या संसदेत मतदान. युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९. याआधी युद्धाचं समर्थन अजून सिद्ध झालेलं नाही असं बजावणारी दुरुस्ती मांडली गेली, तेव्हा ब्लेअर यांच्या स्वतःच्या पक्षातले १३९ खासदार त्यांच्या विरोधात गेले. मंत्रिपद सोडणाऱ्या रॉबिन कुक यांच्या आदल्या रात्रीच्या भाषणाला सभागृहात उभं राहून टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्या, मतं पडली नाहीत.

१९ मार्च, संध्याकाळ
सुरक्षा परिषदेत शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी पुढच्या कामांचा आराखडा ठेवला. बारा मुद्दे, नीट क्रमाने लावलेले. फ्रान्स, जर्मनी, रशियाचे परराष्ट्रमंत्री ऐकायला आले होते. अमेरिकेचे पॉवेल आणि ब्रिटनचे स्ट्रॉ आले नाहीत. ज्या कामांसाठी जगभर मोर्चे निघाले त्यांची यादी तयार होती. करणाऱ्यांना मात्र देशाबाहेर काढून एक दिवस उलटला होता.

२० मार्च, पहाटे ४
मुदत संपली. लंडनहून दुमजली बसगाड्यांतून जे स्वयंसेवक आले होते, त्यांच्यातले काही अजून बगदादच्या वीजकेंद्रात आणि पाणीशुद्धीकरण केंद्रात मुक्काम ठोकून होते. आपण इथे झोपलो तर बाँब पडणार नाही, हा त्यांचा हिशेब. राजदूतांच्या बोलण्याने जे थांबत नव्हतं, त्याच्या आड ते देह घालत होते. वीज आणि पाणी तुटलं की आधी मुलं मरतात, हे इराकने १९९१च्या युद्धानंतर पाहिलं होतं.

२० मार्च, पहाटे ५.३४
शहराच्या दक्षिणेला दोरा भागातल्या एका शेतमळ्यावर दोन विमानांनी चार बाँब टाकले, पाठोपाठ सुमारे चाळीस क्षेपणास्त्रं आली. सद्दाम तिथे आहे अशी खबर होती. तो तिथे नव्हता.

२० मार्च, सकाळी ६.१६
बुश यांनी दूरचित्रवाणीवरून युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं.

निरीक्षकांचं उरलेलं काम वर्षांचं नाही, आठवड्यांचंही नाही, महिन्यांचं आहे, असं ब्लिक्स यांनी ७ मार्चला परिषदेला सांगितलं होतं. लोक मागत होते ते एवढेच महिने. पुढे देश ताब्यात घेऊन अमेरिकेच्याच तपास पथकाने दीड वर्ष इराक पिंजून काढला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये अहवाल दिला : संहारक शस्त्रांचे साठे तिथे नव्हते.