धुक्याकडे पाहण्याची रीत : नागपूर परिसरातील हिवाळा, छायाचित्रण आणि सौंदर्यदृष्टीचा इतिहास

प्रस्तावना :

छायाचित्रणाच्या जुन्या परिभाषेत धुके हे एका दोषाचे नाव होते. नको तेथे प्रकाश लागून किंवा रसायन बिघडून काच वा फिल्म धुरकट झाली, की तिच्यावर धुके चढले असे छायाचित्रकार म्हणत. आज मात्र हिवाळ्याच्या दिवसांत अंबाझरी, फुटाळा वा गोरेवाडा तलावाच्या काठी पहाटे कॅमेरा घेऊन उभी राहणारी माणसे नेमक्या धुक्याचीच वाट पाहत असतात. जे दोष होते ते विषय कसे झाले, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. धुके हे निसर्गाचे असले तरी त्यात सौंदर्य दिसणे ही इतिहासातील घटना आहे, आणि त्या सौंदर्यदृष्टीलाही काही जबाबदाऱ्या आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नागपूरचे धुके :

हवामानशास्त्राच्या व्याख्येनुसार दृश्यता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली म्हणजे धुके पडले असे मानतात. नागपूर परिसरातील धुके बहुतांशी प्रारणजन्य असते. रात्र दीर्घ, आकाश निरभ्र आणि वारा जवळजवळ थांबलेला असला की जमीन वेगाने उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यामुळे तलाव, नाले, ओलिताची गव्हाची शेते आणि सखल भाग येथे ते आधी दाटते व सूर्य वर आला की विरते.

थंडी आणि धुके या दोन गोष्टी एक नव्हेत. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली. परंतु केवळ पारा उतरल्याने धुके पडत नाही. कोरडा उत्तरी वारा वाहत असेल तर कडाक्याच्या थंडीतही सकाळ लख्ख असते. धुक्याला ओल लागते. पश्चिमी विक्षोभामुळे हलका पाऊस होऊन आकाश निवळले की त्यानंतरच्या पहाटे धुक्याला अनुकूल ठरतात. उत्तरेतील मैदानी प्रदेशाप्रमाणे येथे ते दिवसचे दिवस राहत नाही. हे अल्पजीवित्व त्याच्या येथील आकर्षणाचे एक कारण आहे.

वाङ्मयीन परंपरा :

कॅमेऱ्याने धुक्याचे सौंदर्य शोधले असे म्हणणे मात्र उचित होणार नाही. ते साहित्याला पूर्वीच गवसले होते. संस्कृतमध्ये नीहार, मिहिका, तुषार, प्रालेय अशी हिम व धुक्याशी निगडित शब्दसंपदा आहे. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडातील सोळाव्या सर्गात हेमंताचे विस्तृत वर्णन येते आणि त्याचे स्थळ आहे गोदावरीकाठची पंचवटी, म्हणजे परंपरेनुसार आजचे नाशिक. पहाटे नदीकडे जाताना लक्ष्मण जे पाहतो त्यात उच्छ्वासाने आंधळ्या झालेल्या आरशासारखा चंद्र आहे आणि बाष्पाखाली लपलेल्या नदीवरचे, केवळ आवाजावरून ओळखता येणारे सारसही आहेत. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त या आरशाच्या प्रतिमेचा दाखला अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीच्या विवेचनात दिला आहे. आरसा आंधळा कसा असेल? वाच्यार्थ बाजूला सारल्याशिवाय ती प्रतिमा उलगडत नाही. सारे न सांगता सुचवणे हे काव्याचे मर्म मानणाऱ्या या विचाराला धुक्याचे उदाहरण जवळचे वाटावे, हे लक्षणीय आहे. कालिदासाच्या नावावरील ‘ऋतुसंहारा’तही हेमंत व शिशिर यांना स्वतंत्र सर्ग आहेत. मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने महिन्यांच्या क्रमाने निसर्ग न्याहाळण्याची शिस्त ललितगद्याला दिली.

स्पष्टतेचे युग :

छायाचित्रणकला १८३९ मध्ये जगापुढे आली. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या संस्थेशी संबंध होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. तथापि या काळात कॅमेऱ्याकडून अपेक्षा होती ती नोंदीची. इमारती, लेणी, शिलालेख, जातिजमाती आणि अधिकारी यांची नेमकी प्रतिमा शासनाला व विद्वानांना हवी होती. हेन्री कझेन्स यांनी १८९७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी प्रसिद्ध केली. रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये आला. गणना आणि वर्गीकरण यांना महत्त्व देणाऱ्या या ज्ञानव्यवहारात अस्पष्ट प्रतिमेला स्थान नव्हते.

यास तांत्रिक कारणेही होती. १८५१ पासून रूढ झालेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर द्रावण पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. ती काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्याने आकाश पांढरेफटक येई आणि दूरचे डोंगर धूसरतेत विरून जात. मंद उजेडात उद्भासनाचा काळ लांबे. अशा स्थितीत छायाचित्रकाराने स्वच्छ उन्हाची निवड करावी हे स्वाभाविक होते.

दृष्टीतील पालट :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या स्पष्टतेविरुद्ध दोन दिशांनी प्रतिक्रिया उमटली. पी. एच. इमर्सन यांचा निसर्गनिष्ठ छायाचित्रणावरील ग्रंथ १८८९ मध्ये निघाला. सारे चित्र एकसारखे धारदार असणे हे डोळ्याच्या अनुभवाशी जुळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आल्फ्रेड स्टिगलिट्झ आणि बेल्जियमचे लिओनार मिसोन यांनी हिमवृष्टी, पाऊस, धुके यांनाच विषय केले. दुसरी दिशा पूर्वेची होती. योकोयामा तायकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्यास आले. त्यांच्या धूसर शैलीची मायदेशी टीका झाली होती. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या जलरंगातील धूसर वॉशपद्धतीवर मात्र त्यांच्या सहवासाचा प्रभाव पडला. भारतीय आधुनिक चित्रकलेत धूसरता अशा रीतीने प्रतिष्ठित झाली.

विदर्भात हा पालट जंगलाच्या वाटेने आला असे दिसते. सातपुड्याच्या जंगलांचे वसाहतकालीन लेखन मोठ्या प्रमाणावर शिकाऱ्यांचे व वनाधिकाऱ्यांचे होते. जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ (१८७१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, परंतु आरंभी मनोवृत्ती फारशी बदलली नाही. वाघ स्पष्ट, जवळून आणि समोरासमोर मिळावा हीच इच्छा राहिली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाने मराठी वाचकाला निराळी सवय लावली. त्यांच्या लेखनात पाणथळ, झाड, पक्षी आणि ऋतू यांना वाघाइतकेच महत्त्व आहे. २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ही या दृष्टीला मिळालेली मान्यताच होती.

डिजिटल कॅमेऱ्याने खर्चाची भीती घालवली व धुक्यात प्रयोग करणे सुलभ झाले. तरीही यंत्र जुनाच आग्रह धरते. प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे धुक्याचा शुभ्रपणा मळकट उमटतो. तो राखण्यासाठी साधारण एक स्टॉप जादा प्रकाश द्यावा लागतो. म्हणजेच धुके पाहायचे तर यंत्राचे गृहीतक जाणीवपूर्वक दुरुस्त करावे लागते. अशा चित्रात जवळचे झाड गडद, त्यामागचे फिके आणि त्यापलीकडचे केवळ आभासरूप असते. रंग व तपशील कमी झाल्याने अंतराची जाणीव वाढते. आनंदवर्धनाच्या भाषेत सांगायचे तर येथे वाच्य मागे सरते आणि व्यंग्य पुढे येते.

सौंदर्याची दुसरी बाजू :

हा इतिहास येथेच थांबवला तर तो एकांगी होईल. विदर्भातील शेतकरी धुक्याला धुई म्हणतो, आणि पीक जाळणाऱ्या धुक्याला धुवारी. ऐन फुलोऱ्यातील तुरीवर धुवारी आली की फुलगळ होते, रोग व किडींना वाव मिळतो आणि हाती आलेला हंगाम जातो. तलावाच्या बांधावरून जे दृश्य रमणीय भासते, तेच शेताच्या धुऱ्यावरून संकट असते. सौंदर्यानुभवासाठी वस्तूपासून अंतर आवश्यक असते असे सौंदर्यशास्त्र सांगते. हे अंतर कोणाला परवडते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे.

दुसरा प्रश्न धुके आणि धुरके यांच्यातील भेदाचा आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने भरलेल्या धुक्याने हजारो बळी घेतले. त्याच शहराच्या धुक्याची क्लोद मोने यांनी अर्धशतकापूर्वी अप्रतिम चित्रे रंगवली होती. नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे कोळशावरील वीजकेंद्रे आहेत. शहरातील वाहने, बांधकामे व उघड्यावर जाळला जाणारा कचरा यांची त्यात भर पडते. प्रदूषित हवेतील कणांभोवती थेंब अधिक संख्येने व अधिक बारीक बनतात आणि असे धुके रेंगाळते. दुपारीही न निवळणारी पिवळट-करडी धूसरता म्हणजे हेमंताचे लेणे नव्हे. छायाचित्रात मात्र दोन्ही सारखीच मोहक दिसू शकतात.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धुक्यातील सौंदर्य साहित्याने आधी ओळखले, नोंदीच्या गरजेने कॅमेऱ्याने ते दीर्घकाळ नाकारले आणि कलादृष्टी, वनसंरक्षण व तंत्र यांतील बदलांमुळे ते पुन्हा दृश्यकक्षेत आले. आता नोंद आणि सौंदर्य यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण उरलेले नाही. हवामान वेधशाळेतील निरीक्षक ज्ञात अंतरावरील खुणा दिसतात की नाही यावरून दृश्यता ठरवत आले आहेत. त्याच तत्त्वावर महाविद्यालयांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवरून किंवा जवळच्या तलावकाठावरून दर हिवाळ्यात, एकाच ठिकाणाहून, दिनांक व वेळेसह छायाचित्रे घेऊन जतन केली, तर इतिहास, भूगोल व पर्यावरण या तिन्ही विभागांना उपयोगी असा दस्तऐवज अल्प खर्चात उभा राहील.

महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातील भातशेती व तलावांच्या आश्रयाने उरले आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यांच्या संवर्धनाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. रामायणातील पंचवटीत सारस धुक्याने झाकले होते, तरी त्यांच्या आवाजावरून ते आहेत हे कळत होते. धुके विरल्यावर तेथे पक्षी असतील की नाही, हा आजचा प्रश्न आहे. धुक्याचे छायाचित्र घेणाऱ्याने तोही आपल्या चौकटीत घेतला पाहिजे.