परसांतलें मद्य आणि परक्या बेटांची साखर

गोल्डस्मिथची 'व्हिकर ऑफ वेकफील्ड' ही १७६६ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी ज्यांनीं वाचली आहे, त्यांस त्या पाद्रीबोवांच्या घरचें गूजबेरीचें मद्य आठवत असेल. त्याची कीर्ति ऐकून वाटसरूहि तेथें थांबत. आवळ्यासारख्या आंबट फळाचें हें मद्य म्हणजे स्वावलंबी व निष्पाप ग्रामजीवनाची खूण, अशी आमची विद्यार्थिदशेपासून समजूत होती. वर्गांतहि आम्ही तेंच सांगत आलों. परंतु हें मद्य बनतें कसें, हें पाहूं लागतांच ती समजूत डळमळूं लागते.

द्राक्षाच्या रसांत शेंकडा २० च्या सुमारास साखर असते. बेरीवर्गाच्या फळांत ती बहुधा १० हूनहि कमी, आणि आंबटपणा मात्र फार. तो मोडावा म्हणून पाणी घालावें, तर होती नव्हती ती गोडीहि पातळ होते. म्हणून आमचे वैद्य आसवांत गूळ घालतात, तशी येथें साखर पुष्कळ घालावी लागते. मग भाजलेल्या पावाच्या तुकड्यास यीस्ट लावून तो वर तरंगत सोडीत. नवशिका साखरेंत काटकसर करतो आणि मद्य दुर्बळ होऊन त्याचा शिरका बनतो. किंवा घाईनें बाटल्या बंद करतो आणि त्या फुटतात. मद्य नासतें तें सूक्ष्म जंतूंमुळें, हें पाश्चरनें १८६६ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. तत्पूर्वीं गृहिणींस अनुभव हाच गुरु होता.

तात्पर्य, या मद्यास चव फळाची, पण बळ साखरेचें. ती साखर पाद्रीबोवांच्या मळ्यांत पिकत नव्हती. अठराव्या शतकांत इंग्लंडला ती मुख्यत्वें जमेका, बार्बेडोज इत्यादि वेस्ट इंडीजच्या बेटांतून येई, आणि तेथील ऊंस आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम व त्यांचीं मुलेंबाळें पिकवीत. इकडे फ्रेंच मद्यावर जबर जकात आणि तिकडे वसाहतींच्या साखरेचा वाढता पुरवठा, अशा योगानें हा घरगुती उद्योग फोफावला.

ही गोष्ट त्या काळच्या घरांतून अगदींच अज्ञात होती असें मात्र नव्हे. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव पार्लमेंटनें १७९१ सालीं फेटाळला, तेव्हां हजारों इंग्रज कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. स्त्रियांस मताधिकार नव्हता. परंतु साखरेचा डबा त्यांच्या ताब्यांत होता. तो व्यापार १८०७ मध्यें बंद झाला व गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ मध्यें झाला.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत, जानेवारी १९४० मध्यें, इंग्लंडांत साखरेचें रेशनिंग सुरू झालें आणि तें सप्टेंबर १९५३ पर्यंत चाललें. तेवढ्या काळांत फळें परसांत पिकतच होतीं, तरी मद्य करणें दुर्घट झालें. साखर मोकळी होतांच नवशिक्यांचीं मंडळें निघूं लागलीं. या कलेचें मर्म कोठें आहे, हें याहून स्पष्ट काय दिसावें?

गोल्डस्मिथच्या गृहिणीस आम्ही दोष देत नाहीं. परंतु तो पाठ पुन्हां शिकवितांना तिच्या परसाबरोबर तिचें फडताळहि उघडून दाखविणें आमचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.