'स्कॅन्डिनेव्हियन' दिव्यातला साग

जुन्या फर्निचरच्या दुकानात तुम्ही तो पाहिला असेल. पितळेची उभी दांडी, वर शेड, आणि हात लागतो तिथे तपकिरी लाकडाची मूठ. सोबत चिठ्ठी: 'व्हिंटेज स्कॅन्डिनेव्हियन फ्लोअर लॅम्प, टीक आणि ब्रास'. किंमत वाचून आपण पुढे सरकतो. आज मात्र त्या चिठ्ठीतल्या एका शब्दापाशी थांबू या: टीक.

टीक म्हणजे आपला साग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उगवतो तोच. 'टीक' हा शब्दही मल्याळम 'तेक्कु'वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. निसर्गतः हे झाड फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसमध्ये वाढतं. डेन्मार्कच्या थंडीत ते तगणारच नाही.

मग ते तिथे पोचलं कसं? हान्स नील्स आंदरसन या डॅनिश दर्यावर्द्याने 1884 मध्ये बँकॉकला पेढी काढली आणि सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, साग युरोपात विकला. 1897 मध्ये कोपनहेगनला त्याची ईस्ट एशियाटिक कंपनी उभी राहिली. उत्तर सयाममधल्या फ्रे भागात तिला सागतोडीचे हक्क मिळाले.

ते काम सोपं नव्हतं. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी बुंध्याभोवतीची साल गोल कापून झाड दोनेक वर्षं उभंच वाळू द्यायचे. मग तोड. हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत ओढून न्यायचे, आणि पावसाचं पाणी चढलं की ते नदीला लागायचे. पुढे तराफे बांधून बँकॉक. तोपर्यंत कधी कधी काही वर्षं गेलेली असत.

याचा अर्थ चिठ्ठी खोटी आहे असा नाही. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास उजेड असतो. डोळ्यांवर न येणारा प्रकाश कसा मिळवायचा, यावर डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने 1920च्या दशकापासून काम केलं. पितळेची परंपराही तिथलीच: स्वीडनमधला स्कुल्टुनाचा पितळ कारखाना 1607 चा.

पण 'स्कॅन्डिनेव्हियन डिझाइन' हे नाव जगभर रुजलं ते विक्रीच्या ओघात. 1954 ते 1957 या काळात 'डिझाइन इन स्कॅन्डिनेव्हिया' हे प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडात फिरलं. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड अशा चार देशांच्या वस्तू एकाच नावाखाली आल्या. त्या नावात फ्रेच्या जंगलाला जागा नव्हती.

म्हणून अशी चिठ्ठी दिसली की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: आखलं कुठे, बनलं कुठे, उगवलं कुठे? पहिल्या दोघांची नावं कधी कधी दिव्यावरच सापडतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र लाकडाकडे बघून तुम्हालाच द्यावं लागेल. माहुताचं नाव कुठेच कोरलेलं नसतं.