न्हाणीघरातलं गाणं कुणाचं?

कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघराच्या दाराला आतून कडी असेलच याची खात्री नसे. पत्र्याचं दार, त्याला बांधलेली सुतळी आणि ती गुंडाळायला भिंतीतला एक खिळा. म्हणून आत गेलेला माणूस काही ना काही आवाज करत राही. पुरुष असला तर गायचा, शाळकरी मुलगा असला तर रामरक्षा घोकायचा, आणि बाई असली तर घंगाळावर तांब्या जरा जोरात टेकवायची. आंघोळीचं गाणं निव्वळ हौसेतून आलं असं सगळे धरून चालतात. आमच्या वाड्यापुरतं मी सांगते, निम्मी हौस आणि निम्मी ती नसलेली कडी.

आमचं घर तांबट आळीजवळ. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले त्वष्टा कासार तिथे वसले आणि त्यांच्या हातोड्यांचे ठोके माझ्या लहानपणीही सकाळपासून ऐकू येत. घरोघरचे बंब तिथलेच. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी. नळीत विस्तव, त्यावर करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, असला तर कोळसा. नळीभोवतीचं पाणी तापायचं आणि तोटीतून घंगाळात यायचं. जेवढं गरम काढलं तेवढं गार पाणी वरून ओतून ठेवायचं, हा घरातला कडक नियम. त्यामुळे एकाची आंघोळ झाली की पुढच्याला थांबावंच लागे. कोण कधी न्हाणार, किती वेळ न्हाणार आणि पर्यायाने किती वेळ गाणार, हे सगळं त्या बंबावर ठरायचं.

आजोबांच्या पिढीत गाण्याची निवड असा प्रश्नच नव्हता. पहिला तांब्या अंगावर घेताना गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना त्या पाण्यात बोलवायचं. मग समर्थांचं मारुतिस्तोत्र. जगन्नाथ पंडितांची गंगालहरी ज्येष्ठातल्या दशहऱ्याच्या दिवसांत. मूळचं हे सगळं नदीतल्या स्नानाचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हणायचं. वाईला, नाशिकला, पंढरपूरला ते घाटावर चालू राहिलं. पुण्यात ते पाटावर बसलं. स्तोत्राचा एक मोठा गुण असा की त्याची लांबी ठरलेली असते. मारुतिस्तोत्र संपलं की आजोबांची आंघोळ संपली, हे बाहेर धोतर घेऊन उभ्या असलेल्या आजीला न बघता कळायचं. मनाचे श्लोक मात्र ते कधी न्हाणीघरात म्हणत नसत. २०५ श्लोकांना पुरेल एवढं पाणी कुठल्या बंबात असणार!

स्तोत्राच्या जागी नाटकातलं पद आलं ते माझ्या वडिलांच्या, दादांच्या पिढीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यातच रंगभूमीवर आलं, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं, १९११ मध्ये ‘मानापमान’, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’. पण नाटकगृहात पद ऐकणं आणि घरी ते गळ्यावर चढणं यांत मोठं अंतर होतं. नाटकात ‘वन्स मोअर’ मिळत जायचे आणि पद लांबत जायचं. ते घरात आणलं तबकडीने. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, पुढे बालगंधर्वांच्या, मास्टर दीनानाथांच्या तबकड्या घराघरांत आल्या. तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं मावे. गायकाला अस्ताई-अंतरा, चार ताना आणि मुखड्यावर परत येणं एवढ्यातच बसवावं लागे. जाणकार त्या काटछाटीवर चिडत. मला मात्र वाटतं, त्या काटछाटीनेच नाट्यपद सामान्य माणसाच्या गळ्यात शिरलं. आठवडाभर तेच तीन मिनिटांचं पद ऐकलं की ते तोंडपाठ होई, आणि एका घंगाळाच्या पाण्यात ते नीट पूर्ण होई.

दादा ‘सौभद्रा’तली पदं गात. पहिल्या ओळीला अंग ओलं, अंतऱ्याला साबण, आणि तानेच्या वेळी डोक्यावर तांब्या. त्या पाण्याच्या धक्क्याने तान तुटायची आणि ते ती पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. समोरच्या खोलीतल्या काकू चौकात भांडी घासत असत. पद मनासारखं झालं की त्या खरोखर ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडत आणि दादा आतून म्हणत, “पाणी संपलं, वहिनी!” सगळा वाडा ऐकायचा. शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, पण वर कौलांपर्यंत हातभर मोकळं. आवाज आत घुमत नसे, सरळ चौकात जात असे.

ही गोष्ट मोठी आहे, कारण पुढे ती उलटी झाली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात गेले. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती झाल्या, आणि त्यानंतरच्या दशकांत पुणं हळूहळू वाड्यांतून ब्लॉकमध्ये राहायला गेलं. ब्लॉकमधल्या न्हाणीघराला, आता बाथरूमला, कडी होती. भिंतींना चकचकीत टाइल्स होत्या, वर स्लॅब होता, बंबाच्या जागी गीझर आला. टाइल आवाज जवळजवळ शोषतच नाही, आला तसा परत फेकते. त्यात खोली लहान. चार फूट रुंदीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण १४० हर्ट्झचा सूर सर्वांत जोमाने घुमतो. खोलीच्या रुंदीच्या दुपटीने आवाजाच्या वेगाला भागलं की हा आकडा मिळतो. आणि पुरुष ज्या काळी एकमध्ये गातात तिचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा! म्हणजे चार फुटी बाथरूम गाणाऱ्याला जवळजवळ फुकटचा तंबोराच लावून देते. बेताच्या गळ्याच्या माणसालाही तिथे आपला खर्ज भरदार वाटतो तो उगाच नाही.

पण आता ऐकणारं कुणी उरलं नाही. वाड्यात आवाज घुमत नव्हता, तरी चौकभर पोचत होता. ब्लॉकमध्ये तो घुमतो आणि तिथेच राहतो. गाणारा स्वतःवर खूश होतो, काकूंचा ‘वन्स मोअर’ मात्र गेला. मला हा तोटा वाटतो.

रेडिओचं थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ झालं, ५६ गीतं, आणि आठवड्याच्या आठवड्याला नवी चाल न्हाणीघरात शिरली. गदिमा आणि सुधीर फडके यांनी आमच्या वाड्यातल्या स्तोत्रवाल्यांना आणि नाटकवाल्यांना एका सुरात आणलं असं आजी सांगायची, ते मला पटतं. सिनेमाची गाणी आकाशवाणीवर फारशी लागत नसण्याचा तो काळ, म्हणून आमचे काका सिलोन लावत. जुन्या गाण्यांचा तिथला सकाळचा कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपे आणि आठ वाजत. सैगल सुरू झाला आणि काका अजून आंघोळीतच असले, तर ऑफिसचा लेटमार्क ठरलेला. पुढे आमच्या शाळेच्या दिवसांत संस्कृत बातम्यांनी तेच काम केलं. रेडिओ फळीवर बाहेर, माणूस आत. आतला माणूस बाहेरच्या गाण्यात आपला आवाज मिसळायचा. काय गायचं ते आता केंद्र ठरवू लागलं.

इथवर जे सांगितलं ते सगळं पुरुषांचं. हा इतिहास असाच सांगितला जातो म्हणून मीही तसाच सांगत आले, पण माझं खरं सांगणं पुढेच आहे.

माझ्या आईला तिच्या स्वतःच्या आंघोळीत गाताना मी कधीच ऐकलं नाही. आजीलाही नाही, वाड्यातल्या कुठल्याच बाईला नाही. त्या सगळ्यांच्या आधी, अंधारात उठून, बंब पेटायच्या आत गार किंवा कोमट पाण्याने आंघोळ उरकत. सोवळ्यातला स्वयंपाक वाट बघत असे, आणि बाईचा आवाज न्हाणीघरातून चौकात ऐकू येणं बरं दिसत नसे. ओठ हलत असतील, पण सूर बाहेर येत नसे. आईचा गळा दादांपेक्षा पक्का होता, हे मी दादांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

तीच आई दुसऱ्याला न्हाऊ घालताना गात असे. पुरुष स्वतःच्या आंघोळीत गायचे आणि बायका दुसऱ्याच्या, ही विभागणी इतकी पक्की होती की कुणाच्या ध्यानातही येत नसे. लग्नात पाटाच्या चार कोपऱ्यांना तांबे ठेवून, भोवती सूत गुंडाळून नवरीला न्हाऊ घालताना बायकांची गाणी होत. मुलगी पहिल्यांदा न्हाती झाली की तिला मखरात बसवत आणि तिच्या न्हाणाची वेगळी गाणी म्हणत. ती चाल मोडली ते उत्तमच झालं. कोवळ्या पोरीच्या शरीराची गोष्ट आळीभर करायची, त्यात तिला किती मेल्याहून मेल्यासारखं होत असेल! पण प्रथा गेली तशी गाणीही गेली, आणि गाण्यांचा काही दोष नव्हता.

सर्वांत बारकाईने मी पाहिलं ते तान्ह्या बाळाचं न्हाणं. माझ्या बाळंतपणात न्हाऊ घालायला एक मावशी येत. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून त्या पाटावर बसत, दोन्ही पाय समोर लांब करत आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालत. पाणी कोपराने बघत, बोटाने कधी नाही. तेल, मग डाळीचं पीठ आणि दूध, मग पाणी. तांब्यातली धार सरळ बाळावर सोडत नसत. आधी स्वतःच्या तळव्यावर घेऊन, फोडून, मग पाठीवर. आणि या सगळ्याबरोबर गाणं. त्याला राग नव्हता, ठेका हाताचा होता. चोळताना तो जलद व्हायचा, पाणी ओतताना ओळ लांबायची. बाळ रडायला लागलं की मावशी पट्टी वर चढवत, रडण्याच्या बरोबर वरच्या सुरावर, आणि बाळ थांबलं की हळूच खाली येत. तोंड धुताना गाणं बंद. तेव्हा फक्त बाळाचं नाव. शेवटचा तांब्या ओवाळून टाकायचा, टॉवेलात गुंडाळायचं, मग ओवा-बाळंतशोपांची धुरी. गाण्यात नद्या होत्या, मामा होता, मोर होता, आणि रोज नवे शब्द होते. आजोबांच्या स्तोत्रातल्याच नद्या होत्या त्या, फक्त त्यांना बोलवायला इथे संस्कृत लागत नव्हतं.

दिवाळीतही असंच. नरकचतुर्दशीला पहाटे आई एकेकाला पाटावर बसवून तेल-उटणं लावी आणि सोबत काहीतरी गुणगुणत राही. मग कारीट फोडून आंघोळ. पुढे त्या पहाटे रेडिओवर नरकासुरवधाचं कीर्तन लागू लागलं. कीर्तन छानच असे, पण ते नीट ऐकू यावं म्हणून आई गप्प झाली. दादांचं गाणं रेडिओने थांबवलं नाही, त्यांना साथ मिळाली. आईचं थांबलं.

बायकांची गाणी गोळा करणाऱ्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामात आयुष्य घातलं, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. जात्याची ओवी मिळवता आली, कारण जातं पुन्हा मांडून बाईला पुन्हा गायला सांगता येतं. न्हाणीघरातलं गाणं तसं मिळत नाही. त्याला गरम पाणी लागतं, रडणारं बाळ लागतं, आणि दार बंद लागतं. चोळणारे हात थांबले की मावशींना पुढची ओळ आठवत नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आमच्या घरात आता सून आंघोळीला जाताना फोन कोनाड्यात ठेवते. कधी किशोरीताई, कधी अजय-अतुल, आणि त्यांच्यावर मोठ्यांदा तिचा स्वतःचा आवाज, स्वतःच्या आंघोळीत, भर सकाळी साडेसातला. माझ्या आईला जे एकदाही करता आलं नाही ते ही रोज करते. त्याचा मला मनापासून आनंद आहे.

एक विनंती मात्र आहे. शहरांत अजूनही बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बायका येतात, गावाकडे तर येतातच. तुमच्या घरी येत असतील आणि गात असतील, तर त्यांना विचारून, दाराबाहेर फोन ठेवून ते गाणं उतरवून घ्या. त्यांचं नाव, गाव आणि हे गाणं त्या कुणाकडून शिकल्या, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा. बाळ चार-सहा महिन्यांचं झालं की त्यांचं येणं बंद होतं.