धाराशिवची खो-खो : एका जिल्हा संघाची जडणघडण

महाराष्ट्राच्या खो-खोत पुणे, ठाणे, सांगली अशा जुन्या केंद्रांच्या बरोबरीने धाराशिवचे, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादचे, नाव घेतले जाते. मात्र हे स्थान त्याला तुलनेने उशिरा मिळाले आणि ते प्रामुख्याने मुलींच्या खेळामुळे मिळाले, ही बाब या जिल्ह्याच्या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे.

पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंदविजय जिमखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या खेळाला लिखित नियम देत होते, तेव्हा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1959-60 मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढे राज्य संघटनेची जी चौकट रूढ झाली, तिच्यात शाळा व मंडळांतील खेळाडूंमधून निवड चाचणीद्वारे जिल्हा संघ निवडला जातो आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेतील कामगिरीवरून राज्य संघाची निवड होते.

पावसाची शाश्वती नसलेल्या या जिल्ह्यात खो-खो रुजण्यास त्याचा अल्प खर्च अनुकूल ठरला, कारण दोन खांब, आखलेले मैदान आणि नियमित सराव एवढ्यावर संघ उभा राहू शकतो. आक्रमक संघाचे आठ खेळाडू मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळताच बसलेला खेळाडू उठतो, परंतु एकदा धरलेली दिशा त्याला खांब ओलांडल्याशिवाय बदलता येत नाही आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही. संरक्षकावर असे बंधन नसल्याने हुलकावणी हे त्याचे मुख्य शस्त्र असते, तर आक्रमकाला अचूक वेळी दिलेला खो आणि खांबाजवळ मारलेला सूर यांवर भिस्त ठेवावी लागते. ही कौशल्ये महागड्या साधनांनी येत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षांचा सराव आणि जाणता प्रशिक्षक लागतो.

धाराशिवमध्ये प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या सारिका काळे यांनी अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून पुढे येत 2016 च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपद धाराशिव शहराकडे आले, तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत नेपाळला 78-40 असे नमवून पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

2022 पासून सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगने पुरुष खेळाडूंना मानधन आणि दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी मिळवून दिली. तथापि धाराशिवची कीर्ती ज्या महिला खेळाडूंनी वाढवली, त्या अशा लीगविना, शाळेच्या मैदानातून आणि जिल्हा संघातून पुढे आल्या, आणि म्हणूनच या खेळाच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्यांनी सर्वप्रथम ही मैदाने व तेथील प्रशिक्षक टिकवले पाहिजेत.