गुलमर्ग की औली: बर्फाच्या दोन उतारांची पूर्वपीठिका

भारतात स्कीइंगसाठी सुट्टी काढणाऱ्यापुढे बहुधा दोनच नावे येतात, काश्मीरमधले गुलमर्ग आणि उत्तराखंडमधले औली. दोन्हीकडे बर्फ आहे, उतार आहेत, वर नेणारी यंत्रणा आहे आणि शिकवणारेही आहेत. तरीही दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. हा फरक निसर्गाने थोडा आणि इतिहासाने जास्त घडवला.

पीर पंजाल रांगेतले सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे गुलमर्ग हे मुळात उन्हाळ्याचे ठिकाण. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक येथे येत असे. पुढे जहांगीर बादशहाही येथल्या रानफुलांच्या मोहात पडला. एकोणिसाव्या शतकात मैदानी प्रदेशातल्या उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रज अंमलदारांनी या कुरणाचा ताबाच घेतला. लाकडी बंगल्या उठल्या, हॉटेले निघाली, चर्च झाले आणि गोल्फ सुरू झाला. पण हा सगळा थाट उन्हाळ्यापुरता. पहिला बर्फ पडायच्या आत बंगल्यांना कुलपे लागत आणि मंडळी खाली उतरत.

हिवाळ्यातल्या गुलमर्गचा शोध लागला तो १९२० च्या दशकात. ब्रिटिश लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन केला आणि नाताळ व ईस्टर अशा वर्षातून दोन वेळा त्याचे मेळावे भरू लागले. तेव्हा वर नेणारे कोणतेही यंत्र नव्हते. तासन्‌तास चढायचे आणि काही मिनिटांत खाली यायचे, असा हा खेळ होता. तो साहजिकच धडधाकट, रजा मिळणाऱ्या आणि हाताखाली माणसे असणाऱ्या वर्गाचा राहिला. स्थानिक माणूस त्यात होता तो बहुतेक ओझी वाहणारा म्हणून.

१९४७ मध्ये हा क्लबी जमाना संपला. बर्फावर चालणे आणि घसरणे ही आता लष्कराची गरज झाली होती. १९४८ मध्ये भारतीय सैन्याने गुलमर्गला स्की शाळा काढली. आजचे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ हे तिचेच वाढलेले रूप. पर्यटनाची चाके मात्र १९६० च्या सुमारास फिरू लागली. हिवाळी खेळांसाठी जागा सुचवायला सरकारने रुडॉल्फ मॅट या ऑस्ट्रियन स्कीपटूला बोलावले. १९३६ च्या स्लालम विश्वविजेत्या मॅटने गुलमर्गच्या बाजूने कौल दिला. १९६८ मध्ये तेथे स्कीइंग प्रशिक्षक घडवणारी संस्थाही उभी राहिली.

खरी झेप घ्यायची होती ती गंडोलाने, म्हणजे तारेवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्यांनी. फ्रेंच कंपनीच्या मदतीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे काम हाती घेतले गेले आणि नेमकी त्याच वेळी काश्मीरमध्ये दहशतवादाची आग पेटली. डोंगराच्या मध्यावरच्या कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा पुरा व्हायला १९९८ उजाडले. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि सुमारे ३,९५० मीटरवर अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत पाळणे जाऊ लागले. या दुसऱ्या टप्प्यानेच परदेशी स्कीपटूंचे लक्ष गुलमर्गकडे वळवले. वरचा डोंगर बराचसा यंत्राने न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फाचा. हिमस्खलनाचा धोका तेथे कायम असतो, त्यामुळे अनुभवी माणसाला तो स्वर्ग वाटतो आणि नवख्याने तिकडे फिरकूच नये. नवख्याची जागा खाली, गोल्फच्या मैदानाजवळच्या सौम्य उतारांवर. तेथेच फेरन हा काश्मिरी झगा घातलेले स्लेजवाले लाकडी घसरगाडीत गिऱ्हाईक बसवून, पुढे दोरी ओढत चालतात. गुलमर्गला येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांचे ‘स्कीइंग’ एवढ्यावरच आटोपते, हेही सांगितले पाहिजे.

औलीला असा नवाबी भूतकाळ नाही. चमोली जिल्ह्यात जोशीमठच्या माथ्यावर असलेले हे एक बुग्याल, म्हणजे उंचावरचे गवताळ रान. मराठी यात्रेकरूंना जोशीमठ ठाऊक असते ते बद्रीनाथच्या वाटेवरचे गाव म्हणून. त्याच वाटेने पुढे तिबेटची सीमा येते. १९६२ च्या युद्धाच्या काळात भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभे राहिले आणि या दलाने जवानांच्या शिक्षणासाठी औलीचा उतार निवडला. पर्यटक आले ते त्यानंतर. गढवाल मंडळ विकास निगमाने येथे राहण्याची सोय केली आणि आठवड्या-पंधरवड्याचे स्कीइंगचे अभ्यासक्रम सुरू केले. औलीची शिकाऊ मंडळींना सोयीची म्हणून जी ख्याती आहे, तिचे मूळ या सरकारी वर्गांत आहे.

१९९० च्या दशकात जोशीमठ ते औली असा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे झाला. दहा मनोऱ्यांच्या या मार्गावर ‘आठ नंबरचा टॉवर’ हा गावकऱ्यांच्या बोलण्यातला पत्ताच होऊन बसला, कारण निगमाच्या विश्रामगृहाकडे जाणारी खुर्च्यांची लिफ्ट तेथून सुटते. बद्रीनाथचे दरवाजे हिवाळ्यात बंद असतात. एरवी ओस पडणाऱ्या जोशीमठच्या बाजारपेठेला बर्फाने दुसरा हंगाम मिळवून दिला. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतले काही खेळ औलीला झाले. त्यासाठी कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रे आणि त्यांना पाणी पुरवणारे तळेही तयार ठेवले गेले.

तथापि, जोशीमठ जुन्या दरडीच्या भरावावर वसलेले आहे आणि तेथे जड बांधकाम आवरावे, असा इशारा सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. जानेवारी २०२३ मध्ये गावातल्या शेकडो घरांना तडे गेले, रोपवे बंद करावा लागला आणि औलीला जायला रस्ता तेवढा उरला. त्याच हंगामात बर्फ पुरेसा न पडल्याने औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाल्या. गुलमर्गही यातून सुटलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये तेथली कुरणे उघडी पडली होती आणि २०२५ चे खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. त्यामुळे आधी तारीख पक्की करून मग जागा निवडणाऱ्याला आता दोन्हीकडच्या बर्फाची खबर घेऊनच निघावे लागते. त्यातही गुलमर्गचा वरचा टप्पा बराच उंच असल्याने तेथे बर्फ मिळण्याची शक्यता औलीपेक्षा जास्त राहते.