काशीचे बंदिवान छत्रपती आणि लंडनमधील वकील

काशीत दशाश्वमेधाच्या दक्षिणेस असलेला अहिल्याबाई घाट, अहिल्याबाई होळकरांनीच 1780 च्या सुमारास उभारलेले विश्वनाथ मंदिर आणि शिंदे-भोसल्यांचे घाट यांमुळे ही नगरी मराठी माणसाला परकी राहिली नव्हती. तरीही 14 ऑक्टोबर 1847 रोजी येथे निवर्तलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह तीर्थवासी म्हणून नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनी सरकारचे बंदिवान म्हणून आले होते.

गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणे, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेबांशी पत्रव्यवहार ठेवणे आणि कंपनीच्या पलटणीतील सुभेदारांना फितविणे हे स्वतःवरील आरोप मान्य करून राज्य राखण्याऐवजी त्यांनी उघड चौकशी मागितली. ती नाकारून 5 सप्टेंबर 1839 रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीला धाडण्यात आले.

रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचे वकील. त्या काळी वकील म्हणजे केवळ न्यायालयात बाजू मांडणारा नव्हे, तर धन्याच्या वतीने परदरबारी बोलणारा मुखत्यार. 1840 ते 1853 या काळात लंडनमध्ये राहून त्यांनी अर्ज, निवेदने आणि पत्रे यांचा जो व्याप सांभाळला, त्याचे मोल एका फिर्यादीपुरते मानणे अन्यायाचे होईल. प्रारंभी त्यात धन्याच्या अब्रूचा प्रश्न होता. पुढे वाद ‘वारस’ या एका शब्दावर आला. 1819 च्या तहाने सातारचे राज्य राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायम दिले होते, आणि धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक, म्हणजे विधिपूर्वक घेतलेला पुत्र, हा औरस पुत्राप्रमाणेच वारस ठरतो. प्रतापसिंहांनी काशीत दत्तक घेतला होता. त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी 5 एप्रिल 1848 रोजी मरण पावताना त्यांनीही घेतला. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दोन्ही दत्तकांचा हक्क अमान्य करून राज्य खालसा केले, म्हणजे कंपनीच्या मुलखात सामील केले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्पसन यांच्यासारख्या इंग्रजांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, हेही नोंदविले पाहिजे. पण कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बहुमत त्यांच्या बाजूला नव्हते. दत्तकाचा हक्क नाकारण्याचे हेच तत्त्व पुढे झाशी आणि नागपूर या संस्थानांना लागू झाले.

1853 च्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. चौदा वर्षे कागदावर लढलेल्या या माणसाचे नाव 1857 मध्ये साताऱ्याच्या उठावाच्या कटात पुढे आले. 8 सप्टेंबर रोजी देहान्त शासन झालेल्या 17 जणांत त्यांचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.